गावाले मुतखडा सांगतला

सावली तालुक्यात माह्यासारखा खाणारा माणूस दुसरा पैदा झाला नाई. म्हूनच नागपूरच्या डाक्टरनं माह्या पोटाचे चारातले तीन हिस्से कापून फेकून देल्ले.

मी मारोती आचारी. लगनाचा, तेरवीचा, बारशाचा सयपाक करतो. शाळेत गेलो, पण वर्गात नाई, पटांगणात. तिथी लगनाच्या पंगती बसते म्हून. हे जे तुमी वाचून राह्यले, ते मी बोललो आन माह्या बायकोनं, सुनंदानं, लिहिलं. जिथी जिथी तिनं पेन खाली ठेवून माह्याकडे पाह्यलं, तिथचं खोटं कमी झालं.

ज्या दिवशी डाक्टरनं सांगतलं, तो दिवस पहिले सांगतो. खोलीत मी, सुनंदा आन डाक्टर. खुर्चीले हात होते, त्याच्यात मी मावत नोयतो, म्हून पलंगावर बसलो होतो.

डाक्टर म्हणे, "मारोतीराव, तुम्हाला स्लीप अॅप्निया आहे."

मी म्हटलं, "हे कोणतं फळ हाय साहेब?"

डाक्टर हसला नाई. झोपेत गळा बंद होते, श्वास थांबते, मंग माणूस दचकून श्वास घेते, याले स्लीप अॅप्निया म्हणते. रातभर हेच. झोप होत नाई म्हून दिवसा डुलकी येते. वर शुगर होती. लिव्हरले चरबी होती, त्याले फॅटी लिव्हर म्हणते. डाक्टर म्हणे, "असंच चाललं तर एखाद्या रात्री थांबलेला श्वास परत सुरू होणार नाही."

मी सुनंदाकडे पाह्यलं. तिले नवीन काईच नोयतं. तिनं किती वर्षं झाले मले रातच्या कोपरानं ढोसून जागवलं, ते मले त्या दिवशी समजलं. मी समजत होतो, बाई झोपेत लाता मारते.

दवाखान्यात कसा गेलो तेबी सांगतो. एका लगनात कढईपाशी उभ्या उभ्या मले झोप लागली. हातात झारा, कढईत पुऱ्या. कोपर कढईच्या काठाले टेकलं तवा जागा झालो. पुऱ्या बी जळल्या आन मी बी. मलम लावणाऱ्या डाक्टरनं वजन विचारलं. त्याच्या काट्यावर उभा राह्यलो तं काटा शेवटाले जाऊन अटकला. मंग त्यानं म्हटलं, दुसरीकडे कुठी मोजून आना, मंग नागपूरले धाडतो. मी राईस मिलमंदी गेलो. धानाचे कट्टे, म्हंजे पोते, मोजाच्या काट्यावर बसलो. मोजणाऱ्यानं विचारलं, "भाऊ, बारदाना धरून का बिना बारदान्याचं?" सगळे हसले. मी सगळ्यात जास्त हसलो. मले तेच येते.

ऑपरेशनचं नाव स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. स्लीव्ह म्हंजे बाही. पोटाची पिशवी कापून तिची सदऱ्याच्या बाहीसारखी नळी करते. डाक्टरनं चितर काढून दाखवलं. मले तं ते काकडीसारखं दिसलं. म्हणे, जो भाग काढतात, तिथूनच भुकेचं रसायन निघते, म्हून भूक बी कमी होते. दुर्बिणीनं करते, पोटाले पाच बारके छिद्र, बस.

मी घाबरलो. मराले नाई घाबरलो, लोकायले घाबरलो.

पाहा, आमच्या धंद्यात आचारी जाडा पायजे. पोरीचा बाप सयपाक सांगाले येते तं पहिले माह्या पोटाकडे पाह्यते, मंग दराची गोठ करते. दुसरं म्हंजे, माह्यं नावच खाण्यावर होतं. पंगतीत लोक मले बसवून वाढत. एक जण बुंदी आने, एक जण वाट्या मोजे. त्या माणसानं आता डाक्टरपाशी जाऊन पोट कापून घेतलं म्हटलं, तं गाव काय म्हणन? याले तोंड आवरता नाई आलं म्हून पोट कापलं. आन ते खोटं बी नोयतं.

डाक्टरले विचारलं, "साहेब, गावात सांगाचं का नाई?"

डाक्टर म्हणे, "कोणाला सांगायचं ते तुम्ही ठरवा. पण जो माणूस तुम्हाला जेवायला घालतो, त्याला सांगितलंच पाहिजे."

मी मान हलवली. सुनंदाले तं माहीत होतंच. मले वाटलं, झालं काम. घरी येऊन तिच्याकडून पोरीची शपथ घेतली, कोणाले सांगाचं नाई. गावात सांगतलं, मुतखडा हाय, काढाले चाललो.

धान निघाल्यावर गेलो. ऑपरेशनच्या पहिले दोन आठवडे नुसतं पातळ प्याचं होतं, लिव्हर लहान व्हावं म्हून. मी रोज पंगतीचा सयपाक करत होतो आन ताक पेत होतो. कोणी विचारलं तं म्हणो, मुतखड्याले ताक चांगलं राह्यते.

नागपूरच्या दवाखान्यात बाहेरच्या बाकड्यावर माह्यासारखेच बसून होते. मोठाले मोठाले. आरमोरीची एक बाई होती, मी तिले विचारलं, "तुमी घरी काय सांगतलं?" तर म्हणे, "हर्निया." तिच्या बाजूचा म्हणे, "मी देवदर्शनाले गेलो हाय." आमी सगळे हर्निया, मुतखडे आन देवदर्शन एका लायनीत बसलो होतो. तवा लय हसलो. आता आठवलं का हसू येत नाई.

ऑपरेशनचं काई आठवत नाई. जागा झालो तं पोटात कोणी चूल पेटवून ठेवली असं वाटलं. खांद्यात दुखून राह्यलं होतं. पोट फुगवाले गॅस भरते, तो खांद्यात जाते म्हणे. नर्सबाईनं हातात एक खेळणं देल्लं, तीन गोळ्या असते त्याच्यात. श्वास ओढला का गोळ्या वर जाते. याले स्पायरोमीटर म्हणते, छाती साफ राहावी म्हून. माह्यी एक गोळी वर जाईना. नर्सबाई म्हणे, "ओढा, ओढा, चहा ओढता तसा." तिले काय माहीत मी चहा कसा ओढतो. ओढला तं तिन्ही वर.

दुसऱ्या दिवशी निळं पानी पाजलं. लीक टेस्ट. कापलेल्या ठिकाणातून गळते का पाह्यते. नाई गळलं. मंग चमच्यानं पानी. एक चमचा, थांबा. एक चमचा, थांबा. ज्या माणसानं पैजेवर ताकाचा गंज, आखं पातेलं, उचलून खाली केला, तो माणूस वाटीभर पान्यापुढे अर्धा दिवस बसला. तवा मले पहिल्यांदा रडू आलं. सुनंदा म्हणते हे लिहू का. लिही म्हटलं.

घरी आलो. नुसतं पातळ. डाळीचं पानी, दूध, एक पावडर. अन् इथीच माह्या चुकीचा पाया पडला.

आमच्या मागच्या आंगणाले लागून देवका मावशी राह्यते. सख्खी मावशी नाई, पण माह्यी माय गेली तवापासून तिनं मले खाऊ घातलं. नवरा नाई, लेकरू नाई. वावर नाई. लोकायच्या धानाच्या रोवण्याले, कापणीले जाते. लाखोरीच्या डाळीचे वडे तिच्यासारखे कोणाले जमत नाई, मले बी नाई, आन मी आचारी होय. डाक्टर म्हणत होता, जो खाऊ घालते त्याले सांगा. मले वाटलं तो सुनंदाचं म्हणून राह्यला. मावशी माह्या ध्यानातच नाई आली. मायेले कोणी मोजते का?

मावशीनं मले आवाज देल्ला. "बाबू, ये. दवाखान्यातून आला, वाळून गेला. गरम गरम काढले."

तिच्या ओसरीवर बसलो. नाई म्हणाचं तं सांगा लागते काऊन नाई. सांगतलं तं मुतखडा जाते. म्हून एक वडा खाल्ला. ते पाह्यत होती, म्हून आखाच खाल्ला.

वडा पोटात गेला नाई, वरतीच अटकला. घाम फुटला. डोळ्यापुढे अंधार आला. मी तिच्याच आंगणात ओकलो. सामने बोअरिंगवर बाया पानी भरून राह्यल्या होत्या. सगळ्यायनं पाह्यलं. मावशी माह्यी पाठ चोळत होती आन म्हणत होती, "माह्या हातचं कधी असं झालं नाई रे बाबू."

तिथी बी मी खरं बोललो नाई. मुतखड्याच्या गोळ्यायनं मळमळते म्हटलं.

मंग मी उतराले लागलो. महिन्या महिन्याले पँट बदलत गेली. थोबाड बसलं. केस गळाले लागले, तेल लावलं का हातात गुच्छा. डाक्टर म्हणे, वजन झपाट्यानं उतरलं का असं होते, प्रोटीन वाढवा, परत येतात. रातच्या श्वास मात्र थांबत नोयता. सुनंदा पहिल्यांदा रातभर झोपली. घरात आमी खूश आन बाहेर गाव मले पाहून चुकचुक करे. कोणी म्हणे टीबी. कोणी म्हणे कॅन्सर हाय, घरचे लपवून राह्यले.

लगनाचा सीझन आला. एका मांडवात भट्टीपाशी चारपाच जण बसले. पांडुरंगभाऊ बी होते, गावात त्यायचा शब्द चालते. त्यायनं विचारलं, "मारोत्या, काय झालं बे? पुरा आर्धा झाला."

आता खरं सांगाचं का खोटं? मले तिसरंच सुचलं. म्हटलं, "भाऊ, देवका मावशीचा वडा खाल्ला. त्या दिवसापासून उतरलो ते उतरूनच राह्यलो!"

सगळे हसले. एकाचा चहा नाकात गेला.

ज्या गमतीवर लोक हसते ते मी टाकत नाई, दुसऱ्या मांडवात परत वापरतो. हे बी वापरली. तिसऱ्या मांडवात बी. कोणी तब्येत विचारली का माह्या तोंडून मावशीचा वडा निघे. लोक हसत. एका मांडवात कोणी हसलं नाई. मले वाटलं, शिळी झाली. मंग सोडून देल्ली.

पानी पडलं. रोवणा लागला. आमच्याकडे रोवण्याच्या बायायची टोळी राह्यते. एका लायनीत वाकून मागं मागं सरकत जाचं, खांद्याले खांदा. जोडीदारीन बरोबर नसन तं लायन मोडते. मावशी किती साल झाले त्या टोळीत मधात राहे, तिच्या हाताच्या चालीवर बाकीच्या हात टाके. यंदा सकाळी टोळी गेली आन मावशी ओसरीवरच बसून होती.

मी म्हटलं, "मावशी, गेली नाई?"

म्हणे, "बोलावलं नाई रे."

"काऊन?"

"थकली असन मी त्यायच्या मतानं."

तिच्या दारापाशी निंबू पडलं होतं, त्याले कुंकू लावलेलं. तिनं ते झाडूनं बाजूले सरकवलं, जसं रोजचंच हाय. मी ते पाह्यलं आन मले तवा बी समजलं नाई. माह्यं डोकं तसंच हाय.

सुनंदानं सांगतलं. ते दोन दिवस टोळीसंग रोवण्याले गेली होती, तिथी आयकून आली. म्हणे, "मावशीच्या हातचं कोणी पानी पेत नाई. लेकरायले तिच्या आंगणातून जाऊ देत नाई. तिनं तुमाले करणीचं काई खाऊ घातलं म्हणते. बोअरिंगवरच्या बायायनं डोळ्यानं पाह्यलं, तुमी तिथीच ओकले. आन तुमी सवता सांगत फिरले, वडा खाल्ला तवापासून वाळलो."

मी म्हटलं, "ते तं गंमत होती."

सुनंदा म्हणे, "तुमच्यासाठी."

शनिवारी माता मायच्या देवळापाशी लोक बसनार होते. बाहेरगावच्या भगताले बोलवाचं म्हणत होते. आमच्या इकडे असं झालं का त्या बाईचं काय होते, ते मी सांगत नाई, तुमाले माहीत असन. मी आयकलेलं हाय. एकीले गाव सोडा लागलं होतं, ते बी नशीबवान म्हणाची.

सुनंदा म्हणे, "मी शपथेत हावो. तुमी सांगाले मोकळे हा."

शनिवारपर्यंत मले अन्न गेलं नाई, आन हे काई ऑपरेशनचं नोयतं. मी काय काय विचार केला ते सांगाची लाज वाटते. पोळ्यानंतरचे सयपाक हातचे जाईन, हा पहिला विचार. लोक हसन, हा दुसरा. माह्यावर लोक हसते यावरच मी जगलो, तरी बी या हसण्याचं भेव वाटलं. कारन ते हसणं मी ठरवलेलं नोयतं. मावशीचा विचार तिसरा आला. तिसरा.

शनिवारी गेलो. निंबाखाली माणसं बसली होती, बाया मागं. मावशी पार कोपऱ्यात, डोक्यावर पदर, तिच्या आजूबाजूची जागा खाली. मी उभा राह्यलो.

म्हटलं, "मले मुतखडा नोयता. मी पोट कापून आनलं. जाडा होतो म्हून. आता अंदर काकडीएवढं पोट हाय. त्याच्यानं वाळलो."

सगळे हसले. जोरात हसले.

मी म्हटलं, "खरं होय!" अजून हसले.

पांडुरंगभाऊ चिडले. "मारोत्या, इथी बाईच्या जिवाची गोठ सुरू हाय आन तुले मसखरी सुचून राह्यली? बस खाली!"

मी सदरा वर केला, छिद्रायचे डाग दाखवले. एक जण म्हणे, "मुतखड्याचे बी असेच राह्यते. माह्या साळ्याचे पाह्यले मी."

माह्यं खोटं इतकं मजबूत झालं होतं का मलेच मोडता येईना. जनम गेला लोकायले हसवण्यात, आन ज्या दिवशी खरं बोललो त्या दिवशी कोणाचा भरोसा नाई. मी उभ्या उभ्या मावशीकडे पाह्यलं. ते माह्याकडे पाह्यत नोयती, जमिनीकडे पाह्यत होती.

तवा बायायमधून सुनंदा उठली. ते कधी चार लोकात बोलत नाई. 

म्हणे, "पोरीची शपथ घातली होती यायनं मले. आज मोडते. पोट कापलं हे खरं हाय. नागपूरले मी संग होती, चमच्यानं पानी मी पाजलं. मावशीनं एक वडा देल्ला. बाकी रोजचं मी घालते. कोणाच्या हातचं खाऊन वाळला म्हणता तं मग मले काढा गावातून."

कोणी हसलं नाई. तिनं उभ्या जनमात एक गंमत केली नाई, तेच कामी आलं.

पांडुरंगभाऊ लय वेळ पायाची धूळ झटकत बसले. मंग म्हणे, "भगताचं राहू द्या." लोक एक एक करून उठले. मावशीपाशी कोणी गेलं नाई. चुकलं असं कोणी म्हटलं नाई. एक जण जाता जाता माह्या कानापाशी म्हणे, "मंग आमच्या पोरीच्या लगनात चव कोण पाह्यन?" तो सयपाक दुसऱ्या आचाऱ्याले गेला. अजून बी काई गेले.

तुमच्यातल्या कोणाले डाक्टरनं असं ऑपरेशन सांगतलं असन, तं मले विचारू नोका, सांगाचं का नाई. तुमचं पोट, तुमची मर्जी. गावभर डंका पिटाची गरज नाई. पण तुमी जो मुतखडा सांगान, जो हर्निया सांगान, त्याच्या मागं एक जागा खाली राह्यते, आन लोक ते खाली ठेवत नाई. त्यायच्या मनात जे भेव असन ते तिथी नेऊन बसवते. तुमच्या ताटात ज्यायनं कधी काई वाढलं, तेवढ्यायले तरी सांगा. मी शुगरच्या गोळ्यायतून सुटलो. रातच्या झोपतो. सुनंदा झोपते. त्या डाक्टरचे, त्या नर्सबाईचे उपकार हाय. बाकी जे झालं ते त्यायनं नाई केलं.

कापणीले मावशीले बोलावलं. पण लायनीच्या शेवटाले. तिच्यात आन बाजूच्या बाईत एका माणसाची जागा सुटलेली राह्यते. मी बांधावर उभा राहून पाह्यलं. अजून बी सुटते.

मी तिच्याकडे रोज एक चक्कर मारतो. पहिले काई दिवस बोलाची हिंमत नाई झाली. एक दिवस ते लाखोरी निवडत बसली होती. मी ओसरीच्या खालीच बसलो, वर नाई चढलो.

म्हटलं, "मावशी, मी चुकलो."

ते निवडत राह्यली.

म्हटलं, "तुह्या वड्याचं बोललो ते गमतीत बोललो वं. मले काय माहीत असं होईन." तिनं सुपातला एक खडा वेचून फेकला. मले चूप बसवत नाई, मी म्हटलं, "आता अर्धा वडा चालते मले. चावून चावून. डाक्टरनं पोट एवढंसं ठेवलं ना, बाहीएवढं. पाह्य, तुह्याच पिठाची बचत झाली."

मी हसलो. एकटाच.

मावशीनं सूप खाली ठेवलं, आतून एक वडा आनला. अर्धा वडा मोडून माह्या हातावर ठेवला, बाकीचा अर्धा आपल्या तोंडात टाकला. मंग म्हणे, "एवढा शिकलेला डाक्टर, आन चुकीच्या जागी कापलं बापा त्यानं. पोट राहू द्याचं होतं, जीभ कापाची होती."